पन्नासपर्यंत म्हणता येते, पण पाच चमचे आणता येत नाहीत : मोजण्याच्या खेळण्यांविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षे पूर्ण झालेली आपली मुलगी एक ते पन्नास न अडखळता म्हणते. परंतु ‘पाच चमचे आण’ असे सांगितले की हाताला येतील तेवढे चमचे उचलून आणते. बटण दाबले की अंक मोठ्याने म्हणणारे एक खेळणे आपण तिच्यासाठी आणले होते, पण आठवडाभरात तिने ते बाजूला टाकले. आता मण्यांची पाटी घ्यावी की अबॅकसचा वर्ग लावावा, शाळेतल्या ‘वन, टू’ आणि घरी आजीच्या ‘एक, दोन’ यांमुळे तिचा गोंधळ होतो आहे का, आणि यात काही काळजीचे आहे का, असे आपण विचारले आहे. बालवाडीच्या शिक्षिकांना प्रशिक्षण देण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे आणि याच आशयाचा प्रश्न पालकांकडून वारंवार येतो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने लिहीत आहे. काळजीचे कारण मला दिसत नाही. अबॅकसचा वर्ग आत्ता लावू नये. खेळण्यांबद्दल मात्र बरेच सांगण्यासारखे आहे, कारण खेळणे कोणते घेतले यापेक्षा ते समोर ठेवून मुलाला काय विचारले जाते, यावर संख्या समजणे अवलंबून असते.

संख्यांची नावे क्रमाने म्हणणे आणि वस्तू मोजणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रॉशेल गेलमन आणि रॅन्डी गॅलिस्टेल या अभ्यासकांनी 1978 मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वे मांडली आणि आजही बालशिक्षणात त्यांचाच आधार घेतला जातो. प्रत्येक वस्तूला एकच संख्यानाम द्यायचे, एकही वस्तू सोडायची नाही आणि एकही दोनदा मोजायची नाही, हे पहिले तत्त्व; आपल्याकडे त्याला एकास एक संगती म्हणतात. नावांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा, हे दुसरे. शेवटी उच्चारलेले नाव हे त्या शेवटच्या वस्तूचे नसून सगळ्या समूहाचे माप असते, हे तिसरे. मोजायच्या वस्तू कोणत्याही असू शकतात आणि मोजायला कोणत्याही टोकाकडून सुरुवात केली तरी उत्तर तेच येते, ही उरलेली दोन. आपल्या मुलीने दुसरे तत्त्व पक्के केले आहे आणि तेही तोंडी. विटीदांडूत अंतर मोजताना ‘वकट, लेंड, मुंड, नाल’ म्हणणारी मुले आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तिथे एक, दोन हे शब्द नसतात, तरी मोजणी चोख होते, कारण क्रम ठरलेला असतो आणि प्रत्येक मापाला एकच शब्द दिला जातो. याच्या उलट, ज्या मुलाला पन्नास शब्द येतात पण एका वस्तूला एक शब्द जोडता येत नाही, त्याच्या दृष्टीने ते पन्नास शब्द म्हणजे एक लांबलचक बडबडगीत असते. पाठ करण्यात वाईट काही नाही; पुढे हाच क्रम उपयोगी पडणार आहे. फक्त त्याला संख्याज्ञान समजू नये.

खरी अडचण तिसऱ्या तत्त्वात असते आणि ‘पाच चमचे आण’ या सांगण्यात नेमकी त्याचीच परीक्षा होते. केरन विन या संशोधिकेने 1990 च्या सुमारास लहान मुलांना मागितल्या तेवढ्या वस्तू देता येतात का, हे पद्धतशीरपणे तपासले. त्यातून दिसले ते असे की मुले संख्या एकेक करून ओलांडतात. आधी त्यांना फक्त ‘एक’ नेमके कळते. ‘एक दे’ म्हटले की एक देतात आणि त्याहून मोठे काहीही मागितले की मूठभर देतात. काही महिन्यांनी ‘दोन’ नेमके होतात, मग ‘तीन’, काहींच्या बाबतीत ‘चार’. त्यानंतर एका टप्प्यावर मुलाच्या ध्यानात येते की मोजत जाऊन जिथे थांबायचे तिथे आपले उत्तर आहे; आणि मग पाच, सहा, नऊ कितीही मागा, ते मोजून देते. ‘एक’पासून या टप्प्यापर्यंत यायला साधारण वर्षभर लागते. बहुतेक मुले साडेतीन ते चार वर्षांच्या आसपास तिथे पोहोचतात, पण मागेपुढे होण्याला बरीच मोकळीक आहे. आपली मुलगी याच वाटेवर कुठेतरी आहे. कुठे, हे घरीच पाहता येईल.

एका पसरट वाटीत दहाएक सारखे ठोकळे ठेवा. समोर एखादे कापडी अस्वल किंवा बाहुली बसवा आणि तिच्यापुढे रिकामी ताटली ठेवा. ‘बाहुलीला दोन वड्या वाढ’ असे म्हणा. तिने वाढल्या की मध्ये न बोलता पाहा. जमले तर तीन मागा, मग चार. चुकले तर एकाने कमी मागा. मागण्याचा क्रम मधूनच बदला, नाहीतर मागच्या वेळेपेक्षा एक जास्त द्यायचा असा अंदाज मुले बांधतात. या वेळी तिच्या हातांकडे लक्ष द्यावे. ज्या संख्या तिला कळतात त्या ती न मोजता, पटकन, एका हाताने उचलून देते. ज्या कळत नाहीत तिथे हात वाटीत घालून सापडेल ते उचलते आणि क्षणभरही थांबत नाही. दिल्यावर ‘किती दिलेस?’ असे विचारले तर अनेक मुले ‘एक, दोन, तीन, चार’ असे बरोबर मोजतात. लगेच पुन्हा ‘म्हणजे किती?’ विचारले की ‘चार’ न म्हणता पुन्हा एकपासून मोजायला लागतात. ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मोजण्याची क्रिया, असा त्यांचा समज झालेला असतो. हे दृश्य दिसले की मूल तिसऱ्या तत्त्वाच्या उंबरठ्यावर आहे असे समजावे. हा खेळ परीक्षेसारखा मात्र होऊ देऊ नये. पाचसात मिनिटे पुरेत आणि आजोबा, आत्या, शेजारी यांच्यासमोर तर मुळीच करून दाखवायला लावू नये.

जी संख्या तिला नेमकी येते, तिच्या पुढच्या एकाच संख्येवर काम करावे. समजा तिला तीन येतात. मग पुढचे काही आठवडे घरात ‘चार’ची रेलचेल होऊ द्या. चार वस्तू दिसल्या की आधी समूहाचे नाव घ्या, मग मोजा, मग पुन्हा नाव घ्या : ‘या चार वाट्या आहेत. एक, दोन, तीन, चार. चार वाट्या.’ नुसते मोजून सोडून दिले तर शेवटच्या वाटीचेच नाव ‘चार’ आहे असे मुलाला वाटू शकते. समूहाचे नाव आधी आणि नंतर ऐकू आले की ते नाव सगळ्या वाट्यांना जोडले जाते. मोजताना वस्तू एका ताटलीतून दुसऱ्या ताटलीत सरकवत मोजावे. जागच्या जागी पडलेल्या वस्तूंवरून बोट फिरवताना लहान मुलांचे बोट जिभेच्या पुढे पळते किंवा जीभ बोटाच्या पुढे, आणि गोलाकार मांडलेल्या वस्तू असतील तर सुरुवात कुठून केली हेच विसरायला होते. म्हणून प्रथम सरकवून, मग रांगेत, मग विखुरलेल्या आणि सर्वांत शेवटी गोलातल्या वस्तू मोजायला द्याव्यात.

पाने मांडणे हा यासाठी आपल्या घरातला सर्वोत्तम खेळ आहे. जेवायला किती जण आहेत हे तिला पाहू द्या, तितकी ताटे मांडू द्या, प्रत्येक ताटाशी एक वाटी आणि एक पेला ठेवू द्या. कमी पडले तर ज्याला वाटी नाही तो लगेच बोलतो, जास्त झाले तर वाटी हातात उरते; चूक सांगायला आईची गरज राहत नाही. आता ‘पाच चमचे आण’ या सांगण्याकडे पुन्हा पाहा. पाच चमचे कशासाठी हे तिला ठाऊक नसेल तर चार आणले काय आणि सात आणले काय, तिच्या दृष्टीने सारखेच. खेळातून शिकणे म्हणताना मला हेच अभिप्रेत आहे : संख्या चुकली तर खेळच अडला पाहिजे.

आता खेळण्यांकडे वळू. बोलणारे खेळणे तिने बाजूला टाकले, यात तिचा काही दोष नाही. त्या खेळण्यात बटण दाबणे मुलाकडे असते आणि मोजणे यंत्राकडे. शिवाय ते बोलू लागले की घरातली माणसे गप्प होतात. बाळांसोबत आईवडील खेळत असताना केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात, 2016 मध्ये, हेच आढळले होते. विजेरीवर, म्हणजे बॅटरीवर, बोलणाऱ्या खेळण्यांपेक्षा साधी खेळणी आणि पुस्तके हाताशी असताना मोठी माणसे मुलांशी अधिक बोलत होती. अतिशय देखणी, खऱ्यासारखी खेळणीही मोजण्यासाठी कुचकामी ठरतात. इवलीशी फळे, प्राणी, मोटारी दिल्या तर मुले त्यांच्याशी खेळतात, आणि खेळावेच. पण मोजायला बसल्यावर हत्तीला जंगलात न्यायचे की तिसरा म्हणायचे, या ओढाताणीत मोजणे हरते. सावंतवाडीची लाकडी फळे दिवाणखान्यात किंवा भातुकलीत शोभतात. मोजण्यासाठी एकसारखे, साधे, फारशी ओळख नसलेले ठोकळे, काड्या, शिंपले, मोठी बटणे अधिक उपयोगी.

माँटेसोरी पद्धतीच्या साधनांतली दोन साधने मला आजही अतुलनीय वाटतात आणि त्यांची रचना समजून घेतली तर बाजारातल्या कोणत्याही खेळण्याची पारख करता येते. पहिले म्हणजे संख्यादांडे. यात दहा दांडे असतात. सर्वांत आखूड 10 सेंटिमीटरचा आणि सर्वांत लांब 1 मीटरचा, आणि प्रत्येक 10 सेंटिमीटरला तांबडा व निळा रंग आलटून पालटून दिलेला असतो. पाचचा दांडा हातात घेतला की पाच ही एक अखंड गोष्ट म्हणून उचलली जाते, आणि तरीही तिचे पाच भाग दिसत असतात. शेवटचा शब्द सगळ्यांचा असतो, हे तिसरे तत्त्व इथे तळहातावर येते. दहाचा दांडा उचलायला लहान मुलाला दोन्ही हात पसरावे लागतात. दहा हे मोठे आहे ही जाण शब्दांआधी खांद्यांना होते. दुसरे साधन चात्यांच्या, म्हणजे लाकडी काड्यांच्या, पेटीचे. दोन पेट्यांत मिळून दहा कप्पे असतात, त्यांवर 0 ते 9 हे अंक लिहिलेले असतात आणि सोबत बरोबर 45 चात्या दिलेल्या असतात. आधीच्या दांड्यांत समूह जोडलेला होता, इथे तो मुलाला सुट्या चात्यांतून स्वतः जमवावा लागतो. कुठे एक चूक झाली की शेवटच्या कप्प्यात चात्या कमी तरी पडतात किंवा हातात उरतात. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो आणि रिकामेपणालाही अंक असतो हे मूल पाहते. रंगाचा, आवाजाचा, चित्राचा एकही जादा भाग या साधनांत नाही.

ही साधने महाग असतात, म्हणून ती पैसेवाल्यांच्या शाळांची, असा समज आहे. पण आपल्याकडे तो फार पूर्वीच खोडून काढला गेला आहे. मारिया माँटेसोरी यांचे पहिले बालगृह 1907 मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत सुरू झाले होते, आणि त्यांची पद्धत येथे रुजवताना गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी ती आपल्या मातीतली करून घेतली. पुढे ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवरून आदिवासी पाड्यांच्या अंगणात बालवाडी भरू लागली. तिथे बिया, शिंपले, पाने, काड्या, मातीचे मणी हीच साधने होती. संख्यादांडे घरी करायचे तर पुठ्ठ्याच्या पट्ट्या किंवा रंगवलेली लाकडी पट्टी चालते, मात्र प्रत्येक भाग नेमका सारख्या लांबीचा हवा. माप चुकले तर सगळे साधन वाया जाते. चात्यांऐवजी आइस्क्रीमच्या काड्या आणि पेटीऐवजी दहा वाट्या चालतात, पण काड्या 45 च ठेवायच्या.

ज्या खेळाची मी सर्वांत जास्त शिफारस करते तो याहूनही स्वस्त आहे. जमिनीवर खडूने किंवा कागदावर पेनाने दहा सारखे चौकोन एका सरळ ओळीत काढा आणि डावीकडून उजवीकडे 1 ते 10 अंक लिहा. दोन सोंगट्या घ्या. नेहमीच्या फाशावर सहापर्यंत ठिपके असतात, ते इथे नकोत. एका ठोकळ्याच्या बाजूंवर फक्त एक आणि दोन ठिपके काढा. गीता रमानी आणि रॉबर्ट सीगलर यांनी 2008 मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवर्गातील मुलांना असाच खेळ दिला. पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रे, दोन आठवड्यांत मिळून. तेवढ्यावर मुलांना अंक ओळखणे, मोजणे, दोनपैकी मोठी संख्या कोणती ते सांगणे आणि संख्यारेषेवर संख्येची जागा दाखवणे या सगळ्यांत प्रगती झाली, आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. ज्या मुलांना तसाच पण अंकांऐवजी रंगांचा पट दिला, त्यांच्यात ती दिसली नाही. नंतरच्या कामात पट सरळ ऐवजी गोल केला तेव्हा लाभ घटला. कारण उघड आहे. सरळ पटावर मोठ्या संख्येपर्यंत जाताना हात लांब जातो, वेळ जास्त लागतो, उड्या जास्त होतात, शब्द जास्त उच्चारावे लागतात. संख्येचे मोठेपण चारही बाजूंनी जाणवते.

या खेळात एक बारीक गोष्ट पाळायची आहे आणि ती पाळली नाही तर निम्मा उपयोग जातो. सोंगटी 4 वर असेल आणि दान दोनचे पडले, तर मुले ‘एक, दोन’ म्हणत सोंगटी पुढे नेतात. त्याऐवजी घराचे नाव घेत न्यायचे : ‘पाच, सहा.’ सुरुवातीला हे अवघड जाते, म्हणून आपल्या सोंगटीची पाळी आली की आपण तसे म्हणायचे आणि तिच्या पाळीला बोट धरून सोबत म्हणायचे. इथे मूल अधल्यामधल्या संख्येपासून पुढे मोजायला शिकते आणि बेरीज याच सवयीवर उभी राहते. सापशिडी त्यानंतरची. तो खेळ आपल्याकडचाच आहे आणि मला प्रियही आहे, पण त्याच्या ओळी एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे वळतात, शंभर घरे असतात, आणि शिडीने वर जाताना मधल्या संख्या गाळल्या जातात. चार वर्षांच्या मुलाला त्यातून संख्यांचा क्रम उमगत नाही, साप गिळतो तेवढे आठवते. पाच-साडेपाच वर्षांनंतर खुशाल आणावी. कवड्यांचा पट घरात असेल तर त्याचा वेगळा उपयोग आहे. चार कवड्या टाकल्यावर किती उताण्या पडल्या हे मोजण्याआधी नजरेने सांगायचे. तीनपर्यंतचे समूह मुलांना एका दृष्टिक्षेपात ओळखता येतात आणि ही नजर तयार होणे पुढे फार उपयोगी ठरते.

सागरगोट्यांचा खेळ हातात बसायला सहासात वर्षांचे व्हावे लागते. परंतु त्यातले पाच गोटे घेऊन आजी एक सोपा खेळ खेळू शकतात. पाच वस्तू दाखवायच्या, मोजायच्या, मग काही डाव्या आणि काही उजव्या मुठीत घेऊन एक मूठ उघडायची. ‘इथे तीन आहेत, मग इकडे किती?’ मूल अंदाज बांधते, मूठ उघडते, पडताळून पाहते. प्रथम तीन वस्तूंनी खेळावे, मग चार, मग पाच. तीन आणि दोन मिळून पाच, चार आणि एक मिळूनही पाच, हे ज्याच्या हाताला कळले त्याला पहिलीत बेरीज-वजाबाकीच्या चिन्हांची भीती वाटत नाही. बोटांवर मोजण्याला मात्र कुणी हटकू नये. मोठी माणसे अंगठा पेरांवर फिरवून मोजतात, त्यात एका हातावर बारापर्यंत जाता येते आणि ते सोयीचे आहे. पण मुलांना सुरुवातीला अख्खी बोटे उघडूनच मोजू द्यावीत, कारण उघडलेली बोटे समोर राहतात आणि पाच म्हणजे एक हात ही खूण कायमची मिळते. पेरांवर मोजणाऱ्याच्या हातात मोजून झाल्यावर दिसण्यासारखे काही उरत नाही.

आपण ज्या दोन गोष्टी विकत घेण्याचा विचार करत आहात, त्यांपैकी मण्यांची पाटी, म्हणजे दहा तारांवर दहा-दहा मणी असलेली, घ्यायला हरकत नाही. मात्र वर्षभर तिच्या एकाच तारेचा वापर करा. बाकीच्या कापडाने झाका. त्यातही पाच मणी एका रंगाचे आणि पाच दुसऱ्या रंगाचे असतील अशी पाटी निवडा, म्हणजे सात म्हणताना पाच आणि दोन आपोआप दिसतात. प्रत्येक तार वेगळ्या रंगाची असलेली पाटी दुकानात आकर्षक दिसते, पण तिच्यात ही सोय नसते. अबॅकसच्या वर्गात जे जपानी धाटणीचे साधन असते त्याची गोष्ट निराळी. त्यात वरचा एक मणी पाचासाठी असतो आणि शेजारच्या तारेवरचा मणी दहासाठी. एका मण्याला पाच मानायचे, ही खूण आहे. आणि ज्या मुलाला पाच चमचे अजून जमवायचे आहेत त्याला ती खूण शिकवली तर बोटे चपळ होतात आणि अर्थ मागे राहतो. सहा-सात वर्षांनंतर, दशक आणि एकक समजल्यावर, आवड असेल तर वर्ग लावावा.

दोन भाषांमुळे गोंधळ होतो का, तर मुले दोन्ही क्रम वेगळे ठेवू शकतात. एकाच मोजणीत मात्र सरमिसळ नको. ‘वन, टू, तीन’ असे होऊ लागले तर ती मोजणी हसून पुन्हा एका भाषेत करा. अर्थ घरच्या भाषेत आधी पक्का होऊ द्यावा. एकदा चार म्हणजे किती हे कळले की ‘फोर’ला नवा अर्थ शिकवावा लागत नाही. इंग्रजीत मोजताना ‘सेव्हन’ या शब्दाचे दोन तुकडे दोन वस्तूंना वाटले जात नाहीत ना, तेवढे पाहा. ही चूक मुले सर्रास करतात. वीसच्या पुढे मराठी संख्यानामे खरोखर अवघड आहेत. एकवीसमध्ये एकक आधी ऐकू येतो आणि लिहिताना दशक आधी येतो. एकोणतीस ऐकल्यावर तीस कानावर पडते आणि लिहायचे असतात 29. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी जोड दिली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना बरेच बोल ऐकावे लागले. त्या वादात मुलांची अडचण काय आहे याचा विचार फार थोड्यांनी केला, असे माझे मत आहे. घरी दोन्ही वापरता येते : दहा काड्यांना रबर लावून केलेले दोन गठ्ठे आणि सुटी एक काडी समोर ठेवून ‘वीस आणि एक, एकवीस’. पण ही पुढच्या वर्षाची गोष्ट आहे. सध्या पन्नासपर्यंत म्हणवून घेण्याची हौस आवरावी आणि दहाच्या आत मुक्काम करावा.

चुका होतील तेव्हा ‘चूक’ म्हणून मध्येच थांबवू नये. तिने पूर्ण केल्यावर ‘चल, आपण दोघी मिळून पाहू’ म्हणून पुन्हा सरकवत मोजावे. त्याहून परिणामकारक म्हणजे बाहुलीला चुकू देणे. बाहुली एक ठोकळा दोनदा मोजते किंवा मधला एक विसरते आणि मुलीने तिला पकडायचे. स्वतः अजून चुकणारी मुले दुसऱ्याची चूक आधी ओळखतात आणि ती सांगताना त्यांना अतिशय आनंद होतो. अंक लिहिण्याची घाई नको. बोटांचे स्नायू तयार होण्याआधी पाटीवर 1 ते 10 गिरवून घेतल्याने संख्या कळत नाही, हात मात्र दुखतात.

सुरक्षिततेविषयी थोडे कडक लिहिते आहे असे वाटले तरी चालेल. तीन वर्षांखालील भावंड घरात असेल, तर सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या नळीत बसेल अशी कोणतीही वस्तू त्याच्या हाती लागता कामा नये. हरभरे, शेंगदाणे, चिंचोके, मणी यांनी श्वास अडकतो किंवा ते नाकात जातात. मोठ्या मुलांनाही धान्य-बिया मोठ्यांच्या देखतच द्याव्यात. गुंजा दिसायला सुंदर असतात, परंतु त्यांच्या बियांत तीव्र विष असते. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्याही विषारी आहेत. आपण लहानपणी त्यांनी खेळलो होतो हे कारण पुरेसे नाही. एरंडाच्या बिया त्याच यादीतल्या. ते बोलणारे खेळणे घरात ठेवणार असाल तर त्याच्या विजेरीचे झाकण स्क्रूने बंद होते का ते पाहा. बटणासारखी चपटी विजेरी मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक रुग्णालयात न्यावे. 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते नसलेले जत्रेतले रंगीत खेळणे तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलाला देऊ नये.

काळजी कधी करावी, हा आपला शेवटचा प्रश्न. पुढचे सहाएक महिने वर लिहिल्याप्रमाणे रोज थोडा वेळ खेळूनही ‘दोन दे’ आणि ‘तीन दे’ यांत तिला फरक करता आला नाही, किंवा मोजण्याबरोबरच बोलणे, सूचना समजणे, इतर मुलांबरोबर खेळणे यांतही ती मागे आहे असे जाणवले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि प्रथम ऐकणे व पाहणे तपासून घ्यावे. कमी ऐकू येणारे मूल संख्यांचा क्रम चालीवर पाठ करू शकते, पण ‘तीन’ आणि ‘तीस’ यांत त्याची गल्लत होते, आणि घरच्यांना ते हट्टी किंवा दुर्लक्ष करणारे वाटत राहते.